बरणीतलं मलम

ही गोष्ट सांगायची मी सात वर्षं टाळली. विसरलो म्हणावं, तर तसंही नाही. आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर काचेची एक लहान बरणी आहे, पांढऱ्या झाकणाची. तिच्यात सेफ्टी पिना असतात. घरात कुणालाही पिन हवी असली की हात त्या बरणीकडे जातो आणि माझी नजर जमिनीकडे.

लोक म्हणतात, आठवणी लिहा. तुम्ही लालबागचे, गिरण्या पाहिल्यात, संप पाहिलात, चाळ पडून टॉवर उभा राहिलेला पाहिलात. मुलाने तर वही आणि दोन पेनंच आणून दिली. संपावर लिहिणारे पुष्कळ आहेत. त्या बरणीवर लिहू शकेल असा माणूस मी एकटाच, म्हणून मी तेच लिहिणार. घरातलं बाहेर कशाला, असं ज्यांना वाटेल त्यांनी इथेच थांबावं. आणि माझ्या पिकल्या केसांकडे बघून जे मला आधीच माफ करून मोकळे होणार आहेत, त्यांना सांगतो, एवढी घाई करू नका. काय केलं ते आधी ऐका.

मी कंपाउंडर होतो. परळला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात चौतीस वर्षं लाकडी जाळीमागे उभा राहिलो. तेव्हा निम्मी औषधं आम्हीच बनवायचो. खोकल्याचं मिक्श्चर, पोटाचं मिक्श्चर. बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवायची आणि तिला कात्रीने खाचा पाडायच्या. एक खाच म्हणजे एक डोस. मलम पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर पातळ सुरीने घोटायचं. गिरणीच्या दमट हवेत कामगारांना नायटा फार व्हायचा, आणि माझं घोटलेलं मलम त्यावर नावाजलेलं होतं. डॉक्टर पेशंटला दोन मिनिटं बघायचे. औषध कसं घ्यायचं, काय खायचं, काय वर्ज्य, हे जाळीतून मीच सांगायचो. त्यामुळे चाळीत मला कुणी कंपाउंडर म्हटलंच नाही. "डॉक्टर, जरा पोराक बघा ओ," म्हणतच लोक दारात यायचे. मी डॉक्टर नाही, असं एकदाही माझ्या तोंडून निघालं नाही.

पुढे डॉक्टर वारले, दवाखाना बंद झाला, चाळ पाडली, आणि त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये आम्ही चौदाव्या मजल्यावर राहायला गेलो. 'डॉक्टर' हे नाव लिफ्टने माझ्याबरोबर वर आलं. मुलाने ब्लडप्रेशर मोजायचं यंत्र घेऊन दिलं होतं. सकाळी तीन-चार शेजारी यायचे, दंड पुढे करायचे, मी आकडा सांगायचो आणि वर "मीठ कमी करा" हेही सांगायचो. मला ते हवं असायचं. सकाळी कुणी आलं नाही, तर दिवस रिकामा जायचा.

घरात आम्ही पाच जण. मी, बायको, मुलगा, सून आणि नात.

सून दादरला एका ब्युटी पार्लरमध्ये कामाला होती. आमच्याकडे सुरुवातीला या कामाला नाकं मुरडली गेली, त्यात माझंही नाक होतं. पण तिचा हात हलका. फक्त तिच्याकडून भुवया कोरून घ्यायला बायका शिवाजी पार्कवरून, पार शीववरून यायच्या आणि ती दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यात गुंतली असली तर बसून वाट बघायच्या. टॉवरच्या तळमजल्यावर एक गाळा रिकामा होता. तिथे स्वतःचं पार्लर काढायचं तिच्या मनात होतं. पडद्याचा रंगसुद्धा ठरला होता, पिस्ता.

नात तेव्हा अकरा वर्षांची, सहावीत. शिवाजी पार्कला दोरीचा मल्लखांब शिकायची. संध्याकाळी बसने तिला नेणं-आणणं माझ्याकडे. मी कट्ट्यावर बसायचो आणि ती अंगठ्याच्या बेचक्यात दोरी धरून सरसर वर जायची, वर जाऊन पद्मासन घालायची, आणि तिथून मला शोधायची. मी हात वर करायचो. मग ती खाली यायची.

पुटकुळ्या आधी कपाळावर आल्या. मग गालांवर, हनुवटीवर. साध्या नव्हेत; आत गाठ धरणाऱ्या, हात लागला तरी दुखणाऱ्या. एक बसते तोवर दोन उठायच्या. चाळीत बायका गॅलरीत उभ्या राहून जे बोलायच्या, ते आता लिफ्टमध्ये बोलतात. लिफ्टला मागच्या बाजूला मोठा आरसा.

"काय गो, चॉकलेटं जास्त झाली काय?"

"उष्णता आहे ती. सब्जा द्या तिला, सब्जा."

"एवढ्या लवकर? आमच्या वेळी कॉलेजात गेल्यावर यायच्या."

नात आरशाकडे पाठ करून, दाराला नाक लावून उभी राहायची. केस कपाळावर ओढून घ्यायला लागली. मल्लखांबाला केस घट्ट बांधावे लागतात, म्हणून तिथे जाणं टाळायला लागली. आज पोट दुखतं, उद्या गृहपाठ आहे.

सुनेने पहिल्या आठवड्यातच घरात नियम घातला. "चेहऱ्याला कुणी काही लावायचं नाही. हळद नाही, बेसन नाही, लिंबू तर नाहीच. दिवसातून दोनदा साधा धुवायचा, उशीची खोळ दर दोन दिवसांनी बदलायची, फोडायचं नाही. बाकी डॉक्टर सांगतील ते." आणि तिने खरंच दादरच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली. बाईंनी एक जेल लिहून दिलं, एक दिवसाआड, पातळ थर. म्हणाल्या, फरक पडायला दोन-तीन महिने लागतील, सुरुवातीला उलट वाढल्यासारखं वाटेल, पण थांबू नका.

दोन-तीन महिने! मी मनात हसलो. आमच्या दवाखान्यात तीन दिवसांत गुण आला नाही, तर पेशंट समोरच्या दवाखान्यात जायचा.

जेल सुरू होऊन चार आठवडे झाले होते. मल्लखांबाचं प्रात्यक्षिक पंधरा दिवसांवर आलं होतं, आणि नात म्हणाली, मी करणार नाही. सून समजावून कामाला गेली. दुपारी नात माझ्या खाटेवर येऊन बसली.

"आजोबा, तू डॉक्टर आहेस ना?"

मी खाटेवरची चादर सारखी केली.

"मग काहीतरी कर ना. आईच्या डॉक्टरचं काही होत नाहीये."

अकरा वर्षांची पोर होती. तिला तेव्हा सांगता आलं असतं, बाय, मी डॉक्टर नाही, बाटल्या भरणारा माणूस आहे, आणि तुझी आई बरोबर सांगते. त्याऐवजी मी शर्ट चढवला आणि चिंचपोकळीच्या एका औषधाच्या दुकानातून एक ट्यूब घेऊन आलो.

ही ट्यूब मला चांगली माहीत होती. हे मी आडपडदा न ठेवता लिहितोय, कारण 'बिचाऱ्याला माहीत नसेल' अशी पळवाट मला नको आहे. दवाखान्याच्या शेवटच्या वर्षांत आमचे डॉक्टर तेच औषध नायट्याला द्यायचे, दहा दिवस, वर एक दिवस नाही. एकदा एक बाई ते गालावरच्या डागाला लावून आल्या, तेव्हा ते माझ्यासमोर त्यांच्यावर ओरडले होते, "हे तोंडाला लावायचं औषध आहे? यात स्टिरॉइड असतं. आधी गुळगुळीत दिसेल, मग कातडी जाळून ठेवेल!" मी जाळीमागून ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं.

तरी मी ट्यूब बरणीत पिळली. बरणी दवाखान्यातलीच, आठवण म्हणून घरी आणलेली. तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवली आणि माझ्या जुन्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'चेहऱ्याचे मलम'. सवयीने पट्टीला खाचाही पाडल्या. बाटलीतल्या औषधाला खाच पाडतात, मलमाला कुणी पाडत नाही. पण ती पट्टी पोरीला आवडली. रिकामी ट्यूब मी खाली उतरून रस्त्यावरच्या कचऱ्यात टाकली. दुकानातून आणलेलं औषध कुणीही आणतं. मला ते माझं मलम व्हायला हवं होतं.

"आईला सांगायचं नाही हां," मी म्हटलं. "तिच्या डॉक्टरीणबाईंना राग येईल."

"आपलं सीक्रेट?"

"आपलं सीक्रेट."

शाळेतून आली की, आई घरी यायच्या आत, ती माझ्यासमोर बसायची, डोळे मिटून चेहरा वर करायची आणि मी बोटाने मलम लावायचो. पाचव्या दिवशी लाली उतरली. दहाव्या दिवशी गाल असे झाले, जणू काही झालंच नव्हतं. प्रात्यक्षिकाला केस चापून बांधून ती दोरीच्या टोकापर्यंत गेली आणि वरून मला शोधलं. मी हात वर केला. शेजारी सून बसली होती. "जेलने गुण आला बघा बाबा," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं ना, धीर धरायचा." मी मान हलवली. मला वाटलं, जिंकलो. कुणाशी, ते तेव्हा विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. आज सांगतो. त्या दादरच्या डॉक्टरीणबाईंशी आणि माझ्या सुनेशी. पोरीचं भलं व्हावं हा हेतू होता, असं कुणी म्हणालं तर मीच ते खोडून काढीन. हेतू होता, पण तिसऱ्या नंबरवर.

मग ते थांबवता येईना. दोन दिवस खंड पडला की चेहरा तांबडा व्हायचा, आग व्हायची, पुटकुळ्या आधीपेक्षा दुप्पट यायच्या. पुन्हा लावलं की बसायच्या. पोर स्वतःच बरणी मागायला लागली. पाच महिने मी ट्यूबमागून ट्यूब आणली. गालांवरची कातडी पातळ, चकचकीत झाली, आतल्या बारीक लाल शिरा दिसायला लागल्या. ओठावर आणि कानशिलांवर लव वाढली. उन्हात गेली की चेहरा भाजल्यासारखा व्हायचा. शेवटी मलम असूनही पुटकुळ्या आल्या, गळ्यापर्यंत. सुनेने त्याच दिवशी दादर गाठलं. मीही गेलो. नातीने माझा हात सोडला नाही.

डॉक्टरीणबाईंनी दिव्याखाली चेहरा बघितला, भिंगाने बघितला आणि खुर्चीत मागे टेकल्या. "मी दिलेल्या जेलने असं होत नाही. हिला कुणीतरी स्टिरॉइडची ट्यूब लावतंय. चार-पाच महिने तरी. काय लावलं?"

"शक्यच नाही मॅडम," सून म्हणाली. "मी चेहऱ्याला काही लावूच देत नाही."

"तुम्ही काय करता?"

"पार्लरमध्ये आहे."

बाईंनी पेन उचललं. नुसतं 'अच्छा' म्हणाल्या. सुनेचा चेहरा उतरला. मग बाईंनी माझ्याकडे बघितलं. "आजोबा, तुम्ही काही घरगुती वगैरे?"

"मी परळला चौतीस वर्षं कंपाउंडर होतो, मॅडम," मी म्हणालो. "मला एवढं कळतं."

त्या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. आयुष्यात मी त्याच्याइतकं खोटं बोललेलो नाही.

नातीचे पाय खुर्चीवरून लोंबत होते. हलवत होती, ते थांबले.

घरी आल्यावर मुलगा सुनेवर घसरला. "तुझ्या त्या पिशवीतलंच असणार काहीतरी! आणखी कुठून येणार?" गिऱ्हाइकांच्या घरी जाऊनही कामं करायची म्हणून ती पार्लरचं सामान एका मोठ्या पिशवीत घेऊन फिरायची. ती पिशवी रात्री दाराशी असायची. बायको आतून म्हणाली, "मी सांगत होतंय, ती पिशी घरात हाडू नको म्हणून."

सून नातीसमोर जमिनीवर बसली. "माझ्या पिशवीतलं काही लावलंस का ग? खरं सांग. मी ओरडणार नाही."

नातीने माझ्याकडे बघितलं. मी खाटेवर बसलो होतो, चार पावलांवर. माझ्या हातात पेपर होता आणि मी त्याची घडी घालत होतो. ती घडी मला अजून आठवते; आधी उभी, मग आडवी.

"हो," नात म्हणाली.

"काय लावलंस?"

"पांढरं काहीतरी होतं."

सून ओरडली नाही, बोलल्याप्रमाणे. तिने पिशवी उचलली, मोरीत नेऊन एकेक डबी, एकेक ट्यूब कात्रीने कापून कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग हात धुतले. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता.

ती पार्लरमध्ये परत गेली नाही. दादरच्याच एका साड्यांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायला लागली. तळमजल्याचा गाळा मोबाइलवाल्याने घेतला. आणि तिने एक गोष्ट सोडली, ती मी रोज बघत होतो. पोरीच्या चेहऱ्याला हात लावणं. औषध लावायची वेळ झाली की ती कापूस आणि ट्यूब पुढे ठेवायची. "तूच लाव, माझ्या हाताला काय काय लागलेलं असतं." साड्यांच्या घडीशिवाय तिच्या हाताला तेव्हा काहीही लागत नव्हतं. परक्या बायकांच्या चेहऱ्यांवरून फिरलेले ते हात स्वतःच्या पोरीच्या गालापासून वीतभर अंतरावर थांबायचे.

बरणी माझ्या कपाटात होती. एक दिवस दुपारी मी डुलकी काढून उठलो, तर ती फळीवर दिसली, धुतलेली, पट्टी नखाने खरवडून काढलेली, आत सेफ्टी पिना. बायको भाजी निवडत होती. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "आता गप रव. तुका डॉक्टर म्हणतत लोक." त्यानंतर आम्ही दोघांनीही तो विषय काढला नाही.

आता पुढचं लिहितो, त्यात माझा काही वाटा नाही. ते सगळं त्या दोघींचं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, सगळं बंद केल्यावर आधी खूप वाढेल. वाढलं. दोन महिने त्या पोरीचा चेहरा बघवत नव्हता. तिने बाथरूमच्या आरशावर वहीचे कागद चिकटवले. सून संध्याकाळी आली, गरम पाण्याचं फडकं घेतलं आणि एकेक कागद भिजवून काढला.

"बघायचं," ती म्हणाली. "रोज बघायचं. घाबरतेस कुणाला? स्वतःलाच?"

"मला घाण वाटतं."

"वाटू दे. घाण वाटलं तरी दात घासतेस ना? तसंच बघायचं."

लिफ्टमध्ये बाराव्या मजल्यावरच्या बाई हळहळल्या, "अरेरे, किती सुरेख झाला होता गो मध्ये चेहरा!" मी मागे उभा होतो. सून वळली. "काकू, चेहरा तिचा आहे. सोसायटीचा नोटीस बोर्ड नाही, येता-जाता वाचायला." काकू मजल्यांचे आकडे बघत राहिल्या. त्या दिवशी नात पहिल्यांदा आरशाकडे तोंड करून उभी राहिली.

शाळेत काही मुली तिच्याबरोबर डबा खायला बसेनात, लागण होईल म्हणे. सून अर्धा दिवस रजा टाकून गेली. भांडण नाही, तक्रार नाही. वर्गाबाईंची परवानगी घेऊन मुलींसमोर उभी राहिली आणि साध्या शब्दांत सांगितलं की हे कशाने होतं, कशाने होत नाही, आणि तुमच्यातल्या निम्म्या जणींना दोन वर्षांत होणार आहे, तेव्हा काय करायचं नाही. "लिंबू चोळायचं नाही. फोडायचं नाही. आणि कुणी गुपचूप ट्यूब दिली, तर आधी आईला सांगायचं." हे मला नातीने घरी येऊन सांगितलं, शब्दन् शब्द, माझ्या डोळ्यांत बघत.

पुढच्या प्रात्यक्षिकाच्या वेळी मल्लखांबाच्या बाई हळूच म्हणाल्या, या वर्षी तू मागच्या दोरीवर राहा, फोटो वगैरे असतात. नात म्हणाली, "बाई, मी वर गेल्यावर लोक माझे पाय बघतात. कुणाचा अंगठा सुटतो ते बघायला येतात सगळे." ती पुढच्याच दोरीवर गेली, लाल-जांभळा चेहरा, घट्ट बांधलेले केस. वर पद्मासन घातलं. मी कट्ट्यावरून हात वर केला. तिने त्या वेळी मला शोधलं नाही. आईला शोधलं.

चेहरा निवळायला दीड वर्ष लागलं. दोन्ही गालांवर खड्डे राहिले, आजही आहेत. पुढे सगळं जगच मास्क लावून फिरायला लागलं, तेव्हा हसून म्हणाली, "घ्या, आता तुमची पाळी." आता ती अठराची आहे, कॉलेजात जाते, लहान मुलींना दोरी शिकवते. पावडर लावत नाही, खड्डे झाकत नाही. कुणी विचारलं तर सांगते, "लहानपणी चुकीचं औषध लागलं." कुणी दिलं, हे सांगत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी आम्ही दोघंच घरात होतो. तिला ओढणीला पिन हवी होती. तिने बरणी उचलली, उघडली, पिन घेतली आणि बरणी माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"आजोबा, मी आईला सांगणार नाही," ती म्हणाली. "मी 'हो' म्हटलं ते माझं. बाकीचं तुझं. ते तू सांगायचं."

"तू रागावलीयस?"

"तेव्हा नव्हते रागावले. मोठी झाल्यावर आला राग." मग पिन लावून ती निघून गेली.

मी तिला शब्द दिला नाही, पण त्या दिवसापासून मी ठरवत आलोय. आमच्याकडे सासरा सुनेची माफी मागत नाही. आमच्याकडे पुरुष माफी मागतच नाहीत, ते पापलेट आणतात. मी सात वर्षं दर रविवारी बाजारात जाऊन चांगलं पापलेट निवडून, साफ करून आणलं. सुनेला वाटतं, सासऱ्यांना पापलेट फार आवडतं. मला बांगडा आवडतो.

प्रेशर मोजायला येणाऱ्यांना मी मागच्या महिन्यात सांगून टाकलं, मला डॉक्टर म्हणू नका, मी कंपाउंडर होतो. तोही कच्चा. ते हसले. वयोमानानं डॉक्टर गमतीत बोलायला लागलेत, म्हणाले. हसू देत. माझ्या नावावरची ती पट्टीसुद्धा मीच नखाने खरवडणार.

गेल्याच महिन्यात माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दिवसातून चार वेळा थेंब घालायचे. मुलाचा हात थरथरतो, बायकोला दिसत नाही, नात कॉलेजात. दुकानात आठ दिवस सुट्टी टाकून सून घालत होती. पहिल्या दिवशी तिने आत जाऊन हात धुतले, बाहेर आली, पुन्हा आत गेली, पुन्हा धुतले. मग खाटेजवळ उभी राहून म्हणाली, "हात स्वच्छ धुतलेत हो, बाबा. दोनदा. घाबरू नका."

सात वर्षांत तिने ते वाक्य किती जणांना, किती वेळा म्हटलं असेल? की मलाच पहिल्यांदा?

तिने डाव्या हाताने माझी पापणी खाली ओढली. हात अजून तसाच हलका. मी तोंड उघडलं.

"तोंड नाही बाबा, डोळा," ती हसली. थेंब पडला. "काही म्हणत होता?"

"थेंब गार आहे," मी म्हणालो.

"फ्रिजमधला आहे ना. आता पाच मिनिटं डोळे मिटून पडा." ती बाटलीचं टोपण लावत स्वयंपाकघरात गेली.

दिवसातून चार वेळा, आठ दिवस, ती पाच मिनिटं मला मिळाली. ती चार पावलांवर ओट्याशी उभी असायची, भांड्यांचा आवाज यायचा. मी डोळे मिटून प्रत्येक वेळी एकच म्हणायचो, ओठ न हलवता. ते इथे आवाज न चोरता लिहितो: बाय, तुझ्या पिशवीत काही नव्हतं. बरणी माझी होती, मलम माझं होतं, आणि पोरीने माझ्यासाठी 'हो' म्हटलं तेव्हा मी पेपरची घडी घालत बसलो. तुझ्या हातांनी कुणाचंही काही बिघडवलं नाही. मला माफ कर.